अखंड लाकडाचं धनुष्य

३ ऑक्टोबर, गुरुवार

मे महिन्यात निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी ही वही दिली. पाच महिने कोरीच राहिली, कारण लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेत मुलींचा धनुर्विद्येचा गट सुरू झालाय. "सर, तुम्ही एकतीस वर्षं कार्यानुभव शिकवलात. लाकडाचं एक धनुष्य हातानं करून द्याल का? सव्वीस जानेवारीला मुलींच्या हाती देऊ." मी लगेच हो म्हणालो. इतकं लगेच, की फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

घरात मला काम नाही. मुलगा यशराज सकाळी साडेसहाला मोटारसायकल काढतो आणि बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर जातो. सून स्वरूपा दिवसभर रेशमाच्या शेडमध्ये असते. तिची दीड एकर तुती आहे, परवाच अळ्यांची नवी बॅच आली. मदतीला शेजारच्या वस्तीवरच्या रंगूबाई येतात. मी पेपर वाचतो, दुपारी फाटकाला कुलूप लावतो आणि चारला काढतो.

लाकूड तुतीचंच घ्यायचं ठरवलंय. चिवट असतं, वाकतं पण लवकर मोडत नाही. शेतातली तुती कमरेएवढी छाटलेली, तिचा उपयोग नाही. पण विहिरीजवळ बांधावर एक जुनं झाड आहे. त्याला कधी कुणी छाटलं नाही, म्हणून सरळ वर गेलंय. खोड मांडीएवढं.

५ ऑक्टोबर, शनिवार

तीन आराखडे काढले. पहिला लांब, सरळ आणि जाडसर. दुसरा तेवढाच लांब, पण मुठीच्या वरचा-खालचा भाग, म्हणजे दोन्ही पंख, चपटे आणि रुंद. तिसरा आखूड, टोकं वाफेवर मागे वळवलेली.

स्वरूपा चहा घेऊन आली. कागद बघून म्हणाली, "नाना, तिसरं छान दिसतंय."

दिसण्यावर जायचं नसतं, हे मी तिला समजावलं. आखूड धनुष्य ओढताना शेवटी एकदम जड होतं आणि लाकडाला ताण बसतो. तुती मऊसर, म्हणून पंख रुंद हवेत. ती दाराला टेकून ऐकत होती.

"मी जाऊ का? पाला टाकायची वेळ झाली."

मी अजून मुठीच्या जाडीवर आलोच नव्हतो.

जेवताना यशराज पुन्हा तेच बोलला. ही बॅच नीट निघाली तर ठीक, नाहीतर तुती काढून ऊस लावायचा. मागची बॅच पावसात खराब झाली होती. स्वरूपा म्हणाली, "नीट निघेल." तेवढंच.

७ ऑक्टोबर, सोमवार

इंदापूरला सिकंदर मिस्त्रीकडे गेलो. हा माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. आता स्वतःचं फर्निचरचं दुकान आहे, तरी मला बघून उठून उभा राहतो.

आराखडे त्यानं नीट बघितले. म्हणाला, "सर, झाड कशाला पाडताय? वरच्या दोन चांगल्या फांद्या काढा. दोन पंख वेगळं करू आन् मुठीत जोड देऊ. मासळीच्या शेपटासारखी खाच पाडली की हलत न्हाय बगा. लाकूडबी लवकर वाळंल."

जोड तो जोडच, मी म्हणालो. मुलींना दाखवायचंय ते एका लाकडातून निघालेलं दाखवायचंय. अखंड.

"मग खोड लागंल. साडेपाच फूट, आन् एकबी भोक नगं. जुन्या तुतीत किडा असतोय सर, बघून घ्या."

परतीच्या एसटीत मी दुसरा आराखडा पक्का केला. लांब, चपटा, अखंड. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी ठरवल्यासारखं वाटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सिकंदरचं खरं निघालं. खोडावर कमरेच्या उंचीला तीन भोकं, खाली भुसा पडलेला. बरोबर जिथं मूठ यायची तिथं. झाड पाडायला अजून पंधरा दिवस आहेत, कारण माणूस दसऱ्यानंतरच येतो म्हणाला. तेवढ्यात किडा खोड पोखरून टाकेल.

औषध आणलं. भोकांत कापूस भरून वरून चिखल लावला. बरंच उरलं म्हणून पंपानं खोडावर आणि हाताला येईल तेवढ्या फांद्यांवरही मारून घेतलं, म्हणजे वर अंडी असली तर तीही मरतील.

स्वरूपाचा नियम आहे की या रानात कसलीही फवारणी करायची नाही. तो तिच्या तुतीसाठी आहे. बांधावरच्या झाडाचा पाला ती वापरत नाही, म्हणते निबर असतो. म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उगाच काळजी करत बसली असती. वारं उलट्या बाजूचं होतं, ते बघूनच मारलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

शेडमध्ये धावपळ आहे. अळ्या बोटाएवढ्या झाल्या, दिवसातून तीनदा पाला लागतो. चार-पाच दिवसांत कोष करायला लागतील. स्वरूपाचे डोळे लाल झालेत, पण आज तिनं मला आत बोलावलं. हात धुवून, चप्पल बाहेर काढून गेलो. तिनं एक अळी माझ्या तळहातावर ठेवली. थंड लागली, आणि बरीच जड.

"ही बॅच मस्त आहे नाना. अशी कधी आली नव्हती."

रंगूबाई म्हणाल्या, "सर, पाला कमी पडतोय पर. कोपऱ्यातली तुती आवंदा खुजीच ऱ्हायली."

"पुरेल," स्वरूपा म्हणाली.

माझ्या डोक्यात धनुष्याच्या दोरीचा विचार चालू होता. सुताची दोरी चालेल का, हे सिकंदरला विचारायला हवं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर इंदापुरात. सिकंदरनं शिसमाचा एक तुकडा दिला, टोकांना लावायला. दोरीचं ठरलं, पिळदार नायलॉन. संध्याकाळी घरी आलो तर स्वरूपा आनंदात होती. बारामतीला तिच्या आईला दवाखान्यात दाखवायचं होतं म्हणून तीही दुपारभर नव्हती, पण रंगूबाईंनी एकटीनं पाला टाकून सगळं नीट सांभाळलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

अळ्या मरताहेत.

काल संध्याकाळपासून. डोकं वर उचलतात, वळवळतात आणि तोंडातून हिरवं पाणी टाकतात. मग आखडून अर्ध्या होतात. स्वरूपा रात्रभर शेडमध्ये होती. सकाळी गेलो तर एका रॅकवर एकही हलत नव्हती. ती मेलेल्या बादलीत भरत होती आणि रंगूबाई शेजारी उभ्या राहून तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

सगळी बॅच गेली. यशराजनं खड्डा खणला, चुना टाकला आणि बादल्या ओतल्या.

संध्याकाळी मी ओट्यावर होतो. स्वरूपा आली. पदराला हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "नाना, विहिरीजवळच्या झाडावर काही मारलं नव्हतं ना तुम्ही?"

मी नाही म्हणालो.

तिला पाल्याबद्दल विचारायचं असणार. मी औषध मारलं ते खोडाच्या किड्यासाठी. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेळी ते फोड करून सांगण्यासारखी तिची अवस्था नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कारण कळलं. रंगूबाईंची मिश्री. तंबाखूचा नुसता हात लागला तरी अळी मरते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यशराज चिडून विचारत होता, झालं कसं, कुणी केलं. शेवटी स्वरूपाच म्हणाली, "रंगूआत्यांचा हात मिश्रीचा असेल. मी नव्हते तेव्हा." यशराजनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रंगूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या निघाल्या.

मला वाईट वाटलं. सात-आठ वर्षं येत होत्या. पण या वयात सवय सुटत नाही, त्याला कोण काय करणार?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज झाड पाडलं. खोड सुरेख निघालं. किडा आत फार गेला नव्हता, औषध वेळेवर बसलं. खालच्या फांद्यांचा पाला आधीच कुणीतरी ओरबाडून नेलाय, नुसत्या काड्या राहिल्यात. शेळ्यांसाठी नेला असेल. फांद्या साफ करायचं आमचं काम तेवढं वाचलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

खोड टेम्पोत घालून सिकंदरकडे नेलं. करवतीवर घातलं आणि दोन फूट कापल्यावर त्यानं मशीन बंद केलं.

"सर, ह्याला काय मारलंय? डोळं झोंबायलेत."

मी सांगितलं.

"पार वरपर्यंत मारलंय की." त्यानं लाकूड नाकाशी नेलं, मग लांब धरलं. "बरं झालं, घरात शेळ्या न्हाईत. ह्याचा पाला कुणी खाल्ला असता तर आडवंच झालं असतं."

मशीन परत सुरू झालं. मी बाकावर बसलो. समोर हायवेवरून ट्रक जात होते. मी ते मोजत होतो. चौतीसपर्यंत मोजले.

६ नोव्हेंबर, बुधवार

शेळ्या आमच्याकडे नाहीत. आसपासही कुणाकडे नाहीत.

११ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर रोज ठरवतो, आज सांगायचं. सकाळी ती चहा आणते, तेव्हा सांगायचं. ती कप ठेवते आणि जाते. पूर्वी दाराला टेकून उभी राहायची, आता राहत नाही.

यशराजसमोर सांगायचं की तिला एकटीला? सांगितलं तर बॅच परत येणार नाही. रंगूबाईंना दुसरं काम मिळालं असेल. अशी कारणं मला खूप सुचतात. एकतीस वर्षं मुलांची अशीच कारणं ऐकली, आणि बहुतेकांना उभं केलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

धनुष्याचं काम चालू आहे. बंद ठेवलं तर विचारतील का बंद ठेवलं. खोडाची साडेपाच फुटी फळी निघाली. बाहेरून ढोबळ आकार दिला, म्हणजे लवकर वाळेल. वाळवायला कोरडी, हवेशीर जागा हवी होती. स्वरूपालाच विचारलं.

"शेड रिकामीच आहे," ती म्हणाली. "रॅकवर ठेवा."

ठेवलं. जिथं अळ्या होत्या तिथं फळी आडवी करून दोन्ही टोकांना विटा ठेवल्या. शेडमध्ये अजून चुन्याचा वास आहे.

८ डिसेंबर, रविवार

ट्रॅक्टर लावून तुती उपटली. दीड एकर, दोन तासांत. यशराज म्हणाला, जानेवारीत ऊस लावू. स्वरूपा घरातून बाहेर आली नाही. मी खिडकीतून बघितलं, ती भांड्याच्या मांडणीतली सगळी भांडी काढून पुन्हा घासत होती.

१६ डिसेंबर, सोमवार

स्वरूपा आजपासून एमआयडीसीत पॅकिंगला जाते. सकाळी यशराजच्या मागं गाडीवर बसून गेली. डबा माझ्यासाठी झाकून ठेवला होता.

घरात आता दिवसभर मी एकटा. रंधा चालवतो. पोटाच्या, म्हणजे दोरीकडच्या बाजूनं थोडं घासायचं, दोरी लावून भिंतीवर टांगायचं, ओढून बघायचं, कुठं कमी वाकतं तिथं खूण करायची आणि पुन्हा घासायचं. वरचा पंख खालच्यापेक्षा ताठ आहे. काम चांगलं चाललंय. हात बरोबर चालतात, याचं मला आश्चर्य वाटतं.

२ जानेवारी, गुरुवार

बाजारात रंगूबाई दिसल्या. दुरून. मी भाजीच्या गाड्याआड झालो.

१८ जानेवारी, शनिवार

धनुष्य झालं. दोन्ही पंख सारखे वाकतात. सिकंदर स्वतः बघायला आला, ओढून बघितलं आणि म्हणाला, "सर, माझा जोड हरला." त्याला खूप आनंद झाला होता. मी शेंगदाण्याचे लाडू त्याच्यापुढे ठेवले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मैदानावर कार्यक्रम. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याबद्दल बरंच सांगितलं. शाल, नारळ. मग धनुष्य मुलींच्या हाती दिलं. पहिला बाण आठवीतल्या एका काटक मुलीनं सोडला. संस्कृती नाव. गवताच्या पेंढीत मधोमध बसला. मैदानभर टाळ्या.

नंतर ती धनुष्य परत द्यायला आली. दोन्ही हातांवर आडवं धरून.

"सर, हे तुमच्या बांधावरच्या झाडाचं ना? माझी आजी यायची तुमच्याकडं कामाला."

मी विचारलं, आजी कशा आहेत.

"बरी हाय. मिश्री सोडली तिनं. दिवाळीपासनं. पण कुणी शेडवर बोलवत न्हाय आता. उसात खुरपायला जाते."

शाल अजून माझ्या खांद्यावर होती. ती काढून घडी घातली, पण ठेवायला जागा सापडेना.

२७ जानेवारी, सोमवार

रंगूबाईंकडे गेलो. सकाळीच, कामावर जायच्या आधी. त्या चुलीपुढं भाकरी करत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हटलं. उंबऱ्याजवळ बसलो आणि सांगितलं. झाडावर औषध मी मारलं होतं. तुमचा काही दोष नाही.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पाला म्याच काढला त्या झाडाचा. ताई न्हवत्या, तुमीबी न्हवता. शेतातला पाला संपला, आन् अळ्या भुकंनं तोंडं वर करत व्हत्या. वास आला व्हता मला जरा. मंग वाटलं, सरांनी मारलंय. सर शिकल्यालं माणूस, अळ्यांचं काय वाईट करत्याल व्हय?"

मी विचारलं, मग तुम्ही स्वरूपाला का नाही सांगितलं?

"सांगितलं की. अळ्या मराया लागल्या, त्याच सकाळच्या पारी."

भाकरी फुगली. त्यांनी ती काढून टोपल्यात ठेवली.

"मंग ताई आल्या संध्याकाळी हितं. म्हनल्या, आत्या, नाना न्हाय म्हनत्यात. आता मी त्यांना खोटं कसं पाडू? यशराजला कळलं तर बापल्योकांत कायमचं वैर व्हईल. माझं हात धरलं त्यांनी. मी म्हनलं, घाला माझ्यावर. मिश्री तर मी लावतच व्हते."

मी उठून घरी आलो.

संध्याकाळी

स्वरूपा कामावरून आली, हातपाय धुतले आणि कणीक मळायला बसली. यशराजही होता. दोघांसमोर सांगितलं. यशराज आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग बाहेर निघून गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

स्वरूपा मळत राहिली. मग म्हणाली, "औषधाची बाटली मी अळ्या मेल्या त्याच आठवड्यात बघितली, तुमच्या खोलीत झाडताना. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही फळी कुठं वाळवू म्हणून विचारायला आलात, तेव्हा वाटलं, आता सांगतील."

"मला माफ कर," मी म्हणालो.

"माझं जाऊ द्या नाना. मी रंगूआत्यांना काय तोंड दाखवू? तुम्ही नुसतं नाही म्हणालात. त्यांचं नाव तर मी घेतलं."

३१ जानेवारी, शुक्रवार

या भागात रेशीम करणारी तीन घरं आहेत. तिघांकडे जाऊन आलो. प्रत्येकाला तेच सांगितलं, सरळ, काही न लपवता. फवारणी मी केली. रंगूबाईंच्या हातानं काही झालं नाही. त्यांना कामाला बोलवा.

पहिल्या घरी चहा दिला. दुसऱ्या घरचे म्हणाले, "जाऊ द्या सर, व्हायचं ते होऊन गेलं." तिसऱ्या घरचा माझाच विद्यार्थी. तो ऐकत राहिला, मग वाकून पाया पडला. बायकोला हाक मारून म्हणाला, "बघ, सरांचं मन किती मोठं. म्हातारीच्या पोटासाठी सगळं आपल्या अंगावर घेत्यात."

मी पुन्हा सांगितलं, तसं नाही, खरंच मी केलं. त्यानं मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पण सर, मिश्री तर ती लावतच होती ना?"

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी रंगूबाई आल्या. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. फाटकाच्या आत आल्या, पण ओट्यावर बसल्या नाहीत. खुरपं कमरेला खोचलेलं होतं.

"सर, कशापायी गेला व्हता तुमी लोकांच्या दारात?"

तुमचं नाव साफ व्हावं म्हणून, मी म्हणालो.

"आता लोकं म्हनत्यात, रंगी सरांच्या पाया पडली, आन् सरांकडनं खोटं वदवून घेतलं. आदी नुसती मिश्रीवाली व्हते. आता लबाडबी झाले." आवाज चढलेला नव्हता. "माझ्या नातीला शाळंत पोरी इचारत्यात."

मी म्हणालो, मी पुन्हा जातो, शाळेत येऊन सांगतो, हवं तर लिहून देतो.

"नगं. तुमी आता काय बी करू नगा."

स्वरूपा आतून आली. पायात चप्पल नव्हती. ती माझ्या समोरून गेली आणि रंगूबाईंपुढं उभी राहिली. दोघींनी काही बोलण्याआधीच तिचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं. रंगूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला फाटकाबाहेर घेऊन गेल्या.

नवीन लावलेल्या उसाच्या कडेनं त्या दोघी रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथं बराच वेळ उभ्या होत्या. स्वरूपा बोलत होती, रंगूबाई ऐकत होत्या. मग रंगूबाई बोलायला लागल्या. इथून ऐकू येत नव्हतं. मला कुणी बोलावलं नाही.